तिसरा ठिपका

माघातली दुपार. वारणेचे पाणी आटत आटत निळेभोर झालेले, काठाकाठाने उसाचे रुपेरी तुरे डुलणारे, आणि कसब्यातल्या काचारगल्लीवर पिवळेधमक, जडशीळ, सुस्तावलेले ऊन. गल्ली जेवून आडवी झाली होती. काच वितळवणारे सगळे भाते निजले होते. एकाच परसातून भात्याचा श्वास येत होता, आणि त्या श्वासासरशी सगुणाचे काळीज वरखाली होत होते.

हा भाता तिच्या नवऱ्याचा, केरबाचा. चांगला रोज सकाळी चालायचा. अलीकडे दुपारी, गल्ली निजल्यावरच का पेटतो?

खिडकीआडून ती पाहत राहिली. ज्योत आतून निळी, बाहेरून केशरी, मधूनच नुसती हवेसारखी पारदर्शक. त्या ज्योतीत हिरवी काच लाल झाली, लवली, काकवीसारखी ओघळली. शाडूचा लेप दिलेल्या तारेवर केरबाने ती गोल गोल गुंडाळली, आणि हरितवर्ण, तेजाळ, इवलासा मणी जन्माला आला. मग त्याने पांढऱ्या काचेच्या कांडीचा मोहरीएवढा कण मण्याला टेकवला. एक ठिपका. शेजारी दुसरा ठिपका. इथे हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही.

काचारगल्लीत नवरा मुलगाच नवरीचा मणी घडवतो. त्यावर दोन ठिपके असतात, एक त्याचा, एक तिचा. घरात पाळणा हलला की बाप तीन ठिपक्यांचा नवा मणी करतो आणि बारशाला आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवतो. सगुणाच्या गळ्यात दोन ठिपक्यांचाच मणी होता. एकदा तिला दिवस गेले होते. सातव्यातच लेकरू आले, आणि न रडता गेले. बारसे झाले नाही, म्हणून मणीही झाला नाही. तेव्हा केरबाच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. पुढे त्या लेकराचा विषयही त्याने कधी काढला नाही, आणि हे शल्य ती आजवर मुकाट्याने वागवत आली होती.

मग हा तिसरा ठिपका कुणाचा?

संशय आधी पाहुण्यासारखा ओसरीवर टेकला होता. आता तो घरभर फिरू लागला. गेल्या बाजारी हौसा कासारणीच्या पालाशी केरबा थांबला होता, हसला होता, तिच्या कडेवरच्या पोराच्या मुठीत त्याने बत्तासा ठेवला होता. तेव्हा सगुणाला काहीच वाटले नव्हते. आज ती त्या पोराची हनुवटी आठवू लागली. आठवता आठवता ती हनुवटी केरबासारखी होऊ लागली. बत्तासा आठवला, हसू आठवले, आणि प्रत्येक आठवण विषाच्या एकेका थेंबाने निळी पडत गेली.

तिने दारातून विचारले, "एवढ्या दुपारचं काय चाललंय?"

"गिऱ्हाइकाचं हाय," तो मान वर न करता म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोटे बोलणे त्याला कधी साधलेच नव्हते.

मणी ऊन राखेच्या घमेल्यात पुरून केरबा नदीवर अंघोळीला गेला. सगुणा भात्याच्या छपरात शिरली.

काच तापते झरझर, पण तिला निववावे लागते सावकाश. दिवस मावळून पुन्हा उजाडेपर्यंत राख उकरायची नसते, नाहीतर मणी तडकतो. या घरची राख सगुणाच्याच ताब्यात होती. घाई करणाऱ्यांना तिनेच किती वेळा झापले होते. आज मात्र तिनेच चिमटा उचलला, राखेत खुपसला, आणि धगधगता मणी उन्हात धरला.

तीन शुभ्र ठिपके. दोन ठसठशीत. तिसरा लहानगा, त्यांच्या कुशीत शिरल्यासारखा.

टिक् असा बारीक आवाज झाला. केसाएवढी रेघ त्या लहानग्या ठिपक्यातून गेली, आणि मणी दुभंगून मातीत पडला.

खांद्यावर ओले धोतर घेतलेला केरबा दारात उभा होता.

"कुनाचं लेकरू हाय ह्ये?" सगुणाचा स्वर चिरकला. "हौसाचं?"

तो रागावला नाही. खाली बसला, दोन्ही तुकडे त्याने फुंकर घालून तळव्यावर घेतले.

"आपलं हाय," तो म्हणाला. "तुझ्या डोहाळजेवणाची काकणं. तू उकिरड्यावर टाकलीस, मी उचलून ठेवली. तीच वितळवून मणी करतुया. बारसं न्हाई तर मणी न्हाई म्हंत्यात, म्हनून समदी निजल्यावर बसतो. हात कापतो, ठिपका ऱ्हात न्हवता. आज बसला हुता."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुझ्याम्होरं त्येचं नाव काढायचा धीर न्हवता."

सगुणाही त्याच्याशेजारी मातीत बसली. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि त्या लाजेच्याही तळाशी, इतक्या वर्षांनी, एक वेडे सुख हलले. तो विसरला नव्हता. ती पोटभर रडली. तोही रडला.

मग केरबाने कोनाड्यातून फडके काढले. त्यात एकच हिरवे काकण उरले होते. सगुणाने डोळे पुसले आणि भात्यावर पाय ठेवला. ज्योत उठली, निळी, केशरी, पारदर्शक. मणी झाला, दोन ठिपके झाले. तिसऱ्याच्या वेळी केरबाचा हात पुन्हा कापू लागला. तेव्हा पांढरी कांडी सगुणाने घेतली, गल्लीत कुठल्याच आईने आजवर घेतली नव्हती ती, आणि तो इवला कण आपल्या हाताने टेकवला.

मणी राखेत गेला. ऊन उतरले, उसाच्या तुऱ्यांवरून, कौलांवरून, अंगणावरून उतरत उतरत नदीत विझले. सगुणा घमेल्याच्या कडेला तळवा टेकवून बसून राहिली. आत ठिपका राहिला की नाही, तिला ठाऊक नव्हते. तिने राख उकरली नाही. हाताखाली ऊब होती, हळू होती, सावकाश होती, आणि ती ऊब निवेपर्यंत सगुणा तिथून हलणार नव्हती.