आठ संगणकांचा दोष

संघप्रियाचं पत्र वामनराव खोब्रागड्यांना आलं, त्याला येत्या मार्चात चार वर्षं होतील. वहीतला दुरेघी कागद, निळी शाई, अक्षर सुवाच्य. विचारलं होतं ते एवढंच: "काकाजी, नवीन सिस्टिम टाकल्यापासून आपले आठही संगणक फार मंद झाले आहेत. मुली बटण दाबतात आणि अक्षर उशिरा उमटतं. मुलींना वाटतं आपलीच बोटं चुकतात. धुळीमुळे असं होतं का? हो की नाही, तेवढंच लिहिलं तरी चालेल."

तेवढंच लिहायचं होतं. वामनरावांनी ते लिहिलं नाही.

उत्तर माहीत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. पत्र वाचता वाचताच खरं कारण त्यांच्या लक्षात आलं होतं.

माजरीच्या कोळसा खाणीत, सर्व्हे ऑफिसात, त्यांनी बत्तीस वर्षं नकाशे काढले. पहिली वीस वर्षं शाईनं, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग कागदावर. पुढची बारा संगणकावर. माणूस मुलखाचा अबोल. चहा हवा असला तरी चिठ्ठी लिहून शिपायाच्या हातात देतील, अशी ऑफिसात थट्टा चालायची. मात्र वाचन दांडगं. संगणक आला तेव्हा बाकीचे त्याला हात लावायला घाबरत, आणि हे त्याच्यासोबत आलेली जाड पुस्तकं घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचत. म्हणूनच घुग्घुसच्या विहारातल्या अभ्यासिकेला एका कार्यालयानं काढून टाकलेले आठ जुने संगणक मिळाले, तेव्हा ते जोडून द्यायला समितीनं ह्यांनाच बोलावलं. चालवायची जबाबदारी संघप्रियानं घेतली. बारावी शिकलेली, नवरा सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर. वामनरावांनी एकदा दाखवलं की ती ते वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्यांदा विचारायची नाही. पाच वर्षं तिथं गावातल्या मुली टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होत्या.

मग वामनराव निवृत्त होऊन वरोऱ्याला राहायला आले, आणि इथं बसून त्यांनी ती चूक केली.

एका मासिकात त्यांनी वाचलं की जुन्या सिस्टिमची देखभाल आता बंद होणार. नवी सिस्टिम त्यांनी घरच्या संगणकावर टाकून पाहिली. काय देखणी होती! पडद्यावरच्या खिडक्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक, प्रत्येक खिडकीखाली मऊ सावली, बंद केली की ती धुरासारखी विरून जायची. हे सगळं घुग्घुसच्या मुलींनी पाहावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी सीडी तयार केली, सोबत चार पानांच्या सूचना लिहिल्या आणि पोस्टानं पाठवून दिली. संघप्रियानं एका रविवारी आठही संगणकांवर ती टाकली.

घरच्या संगणकात मुलानं पुण्याहून पाठवलेलं चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं. विहारातल्या आठांत तसलं काही नव्हतं. तिथं हा देखावा चालायचा नाही, हे मासिकातही शेवटच्या परिच्छेदात बारीक अक्षरात दिलं होतं. तो परिच्छेद वामनरावांनी वाचला होता. देखाव्याच्या नादात तो नजरेआड झाला.

त्यांना हे त्यांच्या धंद्याच्या भाषेत नेमकं कळत होतं. जुनी सिस्टिम एकाच कागदावर काढायची. खिडकी हलली तर तेवढा भाग खोडून पुन्हा काढायची. नवी सिस्टिम प्रत्येक खिडकी वेगळ्या ट्रेसिंगवर काढते, सगळी ट्रेसिंगं एकमेकांवर ठेवते, सावल्या रंगवते आणि हा सगळा थर सेकंदाला साठ वेळा नव्यानं मांडते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त ह्याच कामाला बसवलेला हुशार ट्रेसर. तो नसला की सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. खाणीच्या सर्व्हेअरनं मोजमाप सोडून दिवसभर ट्रेसिंग करत बसावं, तसं. मग मुलीनं दाबलेल्या अक्षराकडे बघायला त्याला सवड कुठून मिळणार?

हे सगळं त्यांनी उत्तरात लिहायला घेतलं. पहिला खर्डा सात पानांचा झाला, आकृत्यांसकट. दुसऱ्या दिवशी वाचला तेव्हा वाटलं, हे शिकवणं झालं, कबुली कुठं आहे? दुसऱ्या खर्ड्यात कबुलीच कबुली झाली. तिसरा लिहिताना शंका आली की आपलं निदान तरी बरोबर आहे का. संगणक डोळ्यांनी न पाहता कसं सांगावं? घुग्घुसची धूळ काही साधी नाही, कोळशाची आहे. असेलही धुळीचा दोष. एखाद्या जाणकाराला विचारून मग लिहू, असं म्हणून त्यांनी तिचं पत्र एका पुस्तकात ठेवलं. जाणकाराला विचारलं नाही. महिना गेला, मग उशिराची लाज वाटू लागली, आणि वर्ष उलटल्यावर तर आता कोणत्या तोंडानं लिहायचं हाच प्रश्न उरला.

यंदा दिवाळी झाल्यावर एका सोमवारी राजदीप आला. वामनरावांच्या धाकट्या भावाचा मुलगा, चाळिशीचा, घुग्घुसलाच राहतो. तहसीलचं काम उरकून जेवायला थांबला होता.

"विहारात नवे संगणक येऊन राह्यले, मोठेबाबा," तो भात कालवत म्हणाला. "दहा. कोनाच्या हाती द्याचे ते ठरवाले रविवारी सभा हाये."

"संघप्रिया आहे की."

राजदीप हसला. "तिचं नाव तं काढूच नका. मुखरूभाऊ अध्यक्ष हायेत ना समितीचे, ते सगळ्यायसमोर म्हनले, त्या बाईनं आठ खाल्ले, आता दहा खाईन."

"खाल्ले म्हंजे?" वामनरावांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, वरण वाढता वाढता विचारलं.

"अवो मोठीआई, मशीना मंद झाल्या होत्या. तं हिनं काय केलं, एकेक मशीन पंक्चरच्या दुकानात नेली आन हवेच्या पाइपानं धूळ उडवली. त्या हवेसंगं पानी गेलं आतमधी. दोन मशीना जागीच मेल्या. बाकीच्या मंदच्या मंद. पोरीयच्या परीक्षा बी राह्यल्या त्या वर्षी. लोकं म्हने, हिनंच खोलून खोलून बिघडवल्या."

"तिले कोनं सांगितलं होतं हवा माराले?"

"कोनं नाई. ती म्हने, मी काकाजीले चिठ्ठी लिहिली, महिनाभर वाट पाह्यली. धूळ नसती तं काकाजीनं नाई म्हनून कळवलं असतं." राजदीपनं पाण्याचा पेला उचलला. "मले वाटते, तुमाले चिठ्ठी भेटलीच नसन. पोस्टाचं काय सांगता येते."

वामनरावांनी घास ताटात परत ठेवला. ते न बोलते तर गोष्ट तिथंच मिटली असती. पोस्टावर ढकलायची वाट राजदीपनं आपण होऊन मोकळी करून दिली होती.

"मिळाली होती," ते म्हणाले.

राजदीपनं पेला न पिताच खाली ठेवला. वामनरावांनीच पुढं विचारलं, "ती आता काय करते?"

"बसस्टँडवर झेरॉक्सच्या दुकानात बसते. मालकानं म्हनलं होतं, संगणकावर अर्ज भरून देत जाय. तं म्हंते कशी, मले संगणकातलं जमत नाई भाऊ, माह्या हातानं बिघडतात."

मुलींना वाटतं आपलीच बोटं चुकतात, असं तिनं लिहिलं होतं. आता तिलाही तेच वाटत होतं, आणि चार वर्षं ते कोणी खोडून काढलं नव्हतं.

राजदीप निघाला तेव्हा वामनराव फाटकापर्यंत गेले. "उरलेल्या सहा मशीन कुठं आहेत?"

"विहाराच्या मागच्या खोलीत. भंगारवाला येनार हाये."

"एक मला आणून देशील? आणि तिच्यावरची धूळ पुसू नकोस."

बुधवारी राजदीपनं मोटरसायकलवर मागे बांधून मशीन आणली. वामनरावांनी ती व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत बोटभर काळी धूळ, पंख्याच्या पात्यांवर तर लोकरीसारखी साचलेली. कमलाबाई ओलं फडकं घेऊन आल्या.

"सरका. सारं घर काळं होईन ह्यानं."

"नको. राहू दे धूळ."

"राहू दे?"

"धूळ काढली आणि चालली, तर धुळीनंच मंद होती म्हणतील. मलाही पुन्हा तसंच वाटेल."

कमलाबाई फडकं हातात धरून उभ्या राहिल्या. वामनरावांनी स्वतःचा मॉनिटर आणि कीबोर्ड जोडला. मशीन एवढी वर्षं पडून होती, आतली बॅटरी संपून गेलेली. सुरू होताना तिनं कुठलीतरी जुनीच तारीख दाखवली. मग ती देखणी सिस्टिम उघडली, काच, सावल्या, सगळ्यासकट. त्यांनी टाइप करायची खिडकी उघडली आणि आपलं नाव लिहिलं. नाव संपलं तरी पडद्यावर 'वा' एवढंच होतं. बाकीची अक्षरं मागून रांगत आली.

संघप्रियानं तेव्हा जे पाहिलं ते त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. ह्या मशीनवर मुलींनी परीक्षेची तयारी केली होती.

मग त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. नाव-संकेतशब्द विचारणाऱ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक खूण होती. ती दाबली की त्याच सिस्टिमचा साधा देखावा निवडता येतो. काच नाही, सावल्या नाहीत, सपाट करड्या खिडक्या. तो निवडला. पुन्हा नाव टाइप केलं. बोट उठायच्या आत अक्षर उमटत होतं. त्यांनी एक पूर्ण परिच्छेद भराभर टाइप केला, खिडकी इकडून तिकडे ओढली, दुसरी उघडली. धुळीनं भरलेला पंखा खरखरत होता आणि मशीन चांगली चालत होती.

"झालं?" कमलाबाईंनी विचारलं.

"झालं."

"किती वेळ लागला?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पंधरा मिनिटं."

"आन चार वर्षं काय विचार करून राह्यले होते तुमी?"

निदान बरोबर आहे की नाही, ही शंका चार वर्षं त्यांनी जपून ठेवली होती. ती होती म्हणून पत्र न लिहिण्याला एक कारण होतं. आता ते कारणही गेलं. दोन मशीन मेल्या, त्या वर्षी मुलींच्या परीक्षा राहिल्या, आणि एका हुशार बाईनं संगणकाला हात लावणं सोडलं. ह्यातलं काहीही आता पत्रानं परत येणार नव्हतं.

दुपारी ते लिहायला बसले. ह्या वेळी खर्डा केला नाही.

"संघप्रिया, जयभीम. तुझ्या पत्राचं उत्तर 'नाही' असं आहे. धुळीनं नाही. मी पाठवलेली सिस्टिम त्या मशीनच्या ताकदीबाहेरची होती. ते मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही. तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी माझ्या हे लक्षात आलं होतं. तरी कळवलं नाही. तू माझ्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' असा घेतलास, त्यात तुझी चूक नाही. सहा मशीन अजून चालतील. कसं करायचं ते मागच्या बाजूला पाच ओळींत लिहिलं आहे. ते तू माझ्यापेक्षा चांगलं करशील."

कमलाबाईंनी वाचायला मागितलं. वाचून परत दिलं. "बरं लिहिलं. पन तिले एकटीले सांगून काय होते? दोष तं तिले सगळ्या गावानं देला."

"समितीला लिहू म्हणतेस?"

"मी काऊन म्हनू? तुमाले काय वाटते?"

वामनरावांना वाटत होतं ते त्यांनी आणखी एका कागदावर लिहिलं, मुखरूभाऊंच्या नावानं, सभेत वाचून दाखवावं अशा विनंतीसह. शेवटी 'रविवारी मी स्वतः येतो' असं लिहिलं. मग ते खोडलं. चारचौघांत उभं राहून ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. निवृत्तीच्या निरोप समारंभातही नुसते हात जोडून बसले होते. पण खोडलेल्या ओळीचा कागद समितीला कसा पाठवायचा, म्हणून सगळं पुन्हा लिहायला घेतलं, आणि शेवटाला आल्यावर ती ओळ तशीच राहू दिली.

गुरुवारी पोस्ट उघडताच ते खिडकीशी उभे होते. दोन पाकिटं. आतल्या बाईनं पहिलं वजनावर ठेवलं.

"स्पीड पोस्ट? शनिवारपर्यंत भेटून जाईन, काका. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर सांगा."

"माहीत नाही."

"नंबर नसला तं निरोप नाई जात त्यायले."

"मी कधी विचारला नाही," वामनराव म्हणाले.

बाईनं मान हलवली आणि पावती काढली. पाकीट तिच्या हातात होतं तोवर त्यांना वाटून गेलं की संघप्रियाच्या पत्रात 'चूक' हा शब्द एकदाच आला आहे, आणि तोही 'तुझी'ला जोडून; 'माझी चूक' असं कुठंच नाही. एकदा उघडून बघावं का? मागं रांगेतला माणूस खाकरला. बाईनं दोन्ही पाकिटांवर शिक्के मारले आणि ती मागच्या पिशवीत टाकली.

वामनराव पावत्या खिशात ठेवून बाहेर आले आणि रविवारच्या घुग्घुस गाडीची वेळ विचारायला बसस्टँडकडे निघाले.