चोवीस चौकोन

बाईंचे हात शिवशिवायला लागले की समजावं, आता काहीतरी जागचं हलणार. घरातली कपाटं त्यांनी इतक्यांदा लावली होती की नवऱ्याला स्वतःचे मोजेसुद्धा विचारून घ्यावे लागत. शाळेत तर विचारूच नका. विशेष मुलांचा वर्ग, सहाच मुलं, पण खडूच्या प्रत्येक डबीवर लेबल. वर्गात मदतीला असलेल्या मावशी म्हणायच्या, "बाई, मी पाच मिनिटं एका जागी बसले तर मलाही चिठ्ठी चिकटवाल."

तर अशा बाईंच्या हातात शाळेने टॅबलेट दिला, आता बोला.

टॅबलेट भिंगरीसाठी होता. भिंगरी आठ वर्षांची. झोक्यावर बसली की आधी दोरांना पीळ द्यायची आणि मग गरगर सुटायची, म्हणून भिंगरी. सांगितलेलं सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नव्हता. टॅबलेटमध्ये अशा मुलांसाठीचं एक ॲप होतं. पडद्यावर चोवीस चौकोन, प्रत्येकात एक चित्र, बोट लावलं की टॅबलेट तो शब्द मोठ्यानं म्हणणार. पहिल्या दोन आठवड्यांत भिंगरीने पाणी मागितलं, झोका मागितला, पोट भरल्यावर "पुरे" दाबलं, आणि झोक्यावरून उतरवल्यावर "आणखी, आणखी, आणखी" असं दाबून मावशींच्या नाकी नऊ आणले. त्या दिवशी घरी जाताना बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग हात शिवशिवले. खाण्यापिण्याची चित्रं एका ओळीत नकोत का? माणसं एकीकडे, जागा एकीकडे? हा काय पसारा? शनिवारी शाळा सुटली की बाई बसायच्या आणि पडदा नव्याने लावायच्या. एका शनिवारी प्रकाराप्रमाणे, पुढच्या शनिवारी रंगाप्रमाणे, त्याच्या पुढच्या शनिवारी जास्त लागणारं वर आणि कमी लागणारं खाली. ॲप एवढं गुणी की चित्र बोटाने ओढावं आणि ते हवं तिथे जाऊन बसावं. बाईंना आयतंच फावलं.

आणि भिंगरीचं गाडं अडलं. ती दाबायची "शौचालय", मावशी हातातलं टाकून तिला न्यायच्या, आणि ती दारातच बसकण मारून रडायची. त्याआधी आठवडाभर "आजी, आजी" चाललं होतं, आणि आजी तर परगावी. पाणी म्हणावं आणि पेला पुढे केला की ढकलून द्यावा. हळूहळू तिने टॅबलेटकडे बघायचंच सोडलं. बाईंनी नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं, प्रगती नाही. तीन आठवडे, तीनदा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती नोंद वाचली आणि बाईंना बोलावून घेतलं. "असा टॅबलेट आपल्याकडे एकच आहे. वरच्या वर्गातला एक मुलगा वाट बघतोय. शुक्रवारी हिच्या बाबांना बोलावते. हिला उपयोग होत नसेल तर त्याला देऊ."

बोलणं रास्त होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. टॅबलेट गेला की भिंगरीकडे पुन्हा रडणं आणि हात धरून ओढणं, एवढंच उरणार होतं.

मंगळवारी मावशी वर्गाची खिडकी पुसत होत्या. भिंगरी टेबलापाशी आली आणि टॅबलेटवर बोट टेकवलं. "शौचालय," टॅबलेट म्हणाला. मावशी हलल्याच नाहीत.

"मावशी, न्या ना तिला."

"नाही नेणार. आत्ताच जाऊन आलीय. बाई, तुम्ही तिचं बोट बघता, मी तिचे डोळे बघते. चित्राकडे तिनं बघितलंच नाही. बोट खालच्या उजव्या कोपऱ्यात आणि डोळे बाहेर, झोक्यावर. आजी आजी करत होती ना, तेव्हाही हाच कोपरा. तेव्हा इथे आजी होती."

"मग?"

"मग काय. आमची सून डबे हलवते आणि मी चहात मीठ घालते. मला काय साखर ओळखू येत नाही? हात आपला जुन्या जागी जातो."

बाईंनी फाइल काढली. पहिल्या दिवशीच्या पडद्याची छापलेली प्रत तिच्यात लावलेली होती. खालचा उजवा कोपरा बघितला. झोका.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. पोर पहिल्यापासून एकच गोष्ट सांगत होती, तीही बरोबर, आणि कुणीतरी दर आठवड्याला तिच्या बोटाखालून शब्द पळवत होतं. ते कुणीतरी कोण, हे सांगायला मावशींची गरज नव्हती. बाईंना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या. वर नोंदवहीत दोष कुणाच्या नावावर, तर त्या पोरीच्या.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्यांनी चोवीसच्या चोवीस चित्रं पहिल्या जागी नेऊन बसवली. काय तो अवतार. झोक्याच्या शेजारी दात घासायचा ब्रश, आणि बाबा तर केळं आणि बूट यांच्या मधोमध. बाईंना बघवेना. बोट आपसूक बाबांकडे गेलं, एकच घर सरकवायला.

"बाई," मावशी म्हणाल्या. नुसतं "बाई."

बोट मागे आलं. चित्रं हलू नयेत म्हणून ॲपमध्ये कुलूप होतं. त्याचा चार आकडी नंबर मावशींनी टाकला, पडद्यावर तळहात आडवा धरून. "कुणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर नाहीच नाही."

बुधवारी भिंगरीने टॅबलेटला हात लावला नाही. इतक्यांदा फसल्यावर कोण लावेल? गुरुवारी दुपारी मात्र आली, लांबूनच हात पुढे करून कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि पटकन मागे सरली. "झोका." बाई आणि मावशी दोघी एकदम धावल्या आणि दारात एकमेकींवर आदळल्या. झोका चांगला अर्धा तास मिळाला. पण एका शब्दावर शुक्रवार निभावेल असं बाईंना वाटत नव्हतं.

शुक्रवारी बाबा आले. ते गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर शेजारच्या सीटवरून बोलत राहायची सवय, त्यामुळे समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं त्यांना जमत नसे. भिंगरी त्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसली, मांडीवर टॅबलेट.

बाईंनी नोंदवही स्वतःच उघडली. "ही नोंद चुकीची आहे," त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. "हिची प्रगती मीच अडवली. दर आठवड्याला मी चित्रं हलवत होते. ती बरोबर दाबत होती, मीच तिला खोटं पाडत होते. मला एक महिना द्या."

मोठ्या बाईंनी नोंदवही पुढे ओढली. बोलले बाबाच.

"बाई, तुमचं मन मोठं आहे, पण मी स्पष्टच सांगतो. तिला यातलं काही कळत नाही. बटण दाबलं की आवाज येतो, तिला गंमत वाटते, संपलं. घरी रिमोटपण अशीच दाबते. आम्ही आशा लावून घ्यायची, आणि नंतर तिच्या आईची समजूत घालत मी बसायचं. नकोच ते. द्या त्या मुलाला, त्याला तरी..."

"बाबा," टॅबलेट म्हणाला.

"हे बघा. असं. कुठलंही बटण. परवा आमच्याकडे पाहुणे आले तेव्हासुद्धा..."

"बाबा. पुरे."

बाबांनी मान वळवली. भिंगरी त्यांच्याकडे सरळ बघत होती, कंटाळून, कुठल्याही घरातली पोर बडबड्या बापाकडे बघते तशी. मोठ्या बाईंनी नोंदवही मिटली. "टॅबलेट इथेच राहील," त्या म्हणाल्या. "त्या मुलासाठी दुसरा मागवायचं पत्र मी आजच लिहिते."

बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. पण बाबांचं लक्षच नव्हतं.

"चुकून लागलं असेल," ते पुटपुटले. आणि मग एकदम घाईघाईने सुरू झाले, "म्हणजे मी काय म्हणत होतो, की क्लच आहे ना, तो हळू सोडायचा. आधी आरसा बघायचा, मग गिअर टाकायचा, मग..." काय वाटेल ते. माणूस थांबेना. बाईंना आधी उमगेना. मग त्यांचे डोळे दिसले. ते मुलीच्या बोटाला चिकटले होते.

बोट खाली आलं. "पुरे."

"हो गं बाई," बाबा म्हणाले. "हो." त्यांनी बाहीने डोळे पुसले, मुलीकडे वळून नीट बसले, आणि तिने आणखी एकदा गप्प करावं म्हणून पुन्हा पहिल्यापासून क्लच सांगायला लागले.