खिंडीच्या अलीकडे

"दुसऱ्या बोटाला लावून बघा," बाई म्हणाल्या. "हे बोट माझं पहिल्यापासूनच थंड असतं."

मामांनी प्राणवायू मोजायचा चिमटा दुसऱ्या बोटाला लावला. मग तिसऱ्या. जेवणाच्या तंबूत ग्रुपमधली बाकीची सात माणसं चहाचे मग धरून बसली होती आणि कुणीच बाईंकडे बघत नव्हतं. चिमट्याच्या इवल्याशा पडद्यावर आकडा बाहत्तरवर आला, त्र्याहत्तरवर गेला आणि पुन्हा बाहत्तरवर येऊन बसला.

मामांनी दहाही बोटं तपासू दिली असती. या डोंगरात माणसं नेता-आणताना त्यांनी असली बोटं पुष्कळ पाहिली होती. गरम मगाला चिकटवून ठेवलेली, काखेत दाबून आणलेली. एका बँक मॅनेजरने तर तंबूच्या फटीतून स्वतःचं म्हणून बायकोचं बोट बाहेर काढलं होतं, बांगडीसकट. पण रक्तातला प्राणवायू काही बोट बदलून वाढत नाही. खिंडीच्या अलीकडच्या या शेवटच्या कॅम्पवर आकडा पंचाहत्तरच्या खाली गेला की त्या माणसाने खिंडीवर पाणी सोडायचं आणि परत उतरायचं, असा नियम होता. तो सांगायचं काम मामांचं.

"बाई, तुम्हाला आज खाली जावं लागेल."

"मला तर काहीच होत नाहीये."

"काल तुम्ही जेवला नाहीत. आज बुटाची नाडी बांधायला दहा मिनिटं लागली. मी बघत होतो."

बाईंनी बोट मागे घेतलं आणि हातमोजा चढवला. "तीस वर्षं मी ही खिंड फळ्यावर काढली," त्या म्हणाल्या. "खडूने. पोरांकडून घोकून घेतली. एकदा डोळ्यांनी बघावी म्हटलं, एवढंच."

"खिंड कुठे जात नाही. पुढच्या वर्षी या."

हे वाक्य मामांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते आपसूक बाहेर पडायचं, आणि दरवेळी त्यांना त्याची जराशी लाज वाटायची. पुढच्या वर्षी कोणी येत नसे. बाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, त्या तर येणारच नव्हत्या. मामांचं वय एकसष्ट.

तेवढ्यात तंबूच्या दारातून लीडरने हाक मारली, "मामा, जरा बाहेर या. येताना आकड्यांचा कागद आणा."

लीडर म्हणजे मामांची थोरली मुलगी. घरी ती त्यांना बाबा म्हणायची, पण डोंगरावर सगळे मामा म्हणत म्हणून तीही मामा म्हणायची, आणि मामा तिला लीडर म्हणायचे. ही पद्धत मामांनीच घालून दिली होती. वाटेवर नाती काढली की माणसं रुसतात आणि कामं अडतात, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पुढे मामा चालायचे. गुडघ्याने दगा दिल्यावर ती पुढे झाली आणि मामा शेवटचा माणूस झाले. शेवटच्या माणसाने सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या मागे चालायचं आणि तो पडला तर उचलायचं. मामांना ते कमीपणाचं वाटलं नव्हतं. डोंगर पायाखाली होता, तेवढं पुरे होतं.

या हिवाळ्यात मात्र त्यांच्या छातीत कफ भरला आणि तीन आठवडे हॉस्पिटलात गेले. डॉक्टरांनी उंचावर जायचं नाही म्हणून बजावलं. घरी येऊन मामांनी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, जरा जपून जा." घरात कुणी उलटतपासणी घेतली नाही, वेळ निभावून गेली.

स्वयंपाकाच्या तंबूमागे, वारा लागणार नाही अशा जागी, मुलीने कागद हातात घेतला. याच हंगामापासून ट्रेकच्या कंपनीने त्यावर गाईडांच्या आकड्यांसाठीही रकाना केला होता. मोजायचे मामाच, भरायचे मामाच. ती मोठ्याने वाचायला लागली.

"पहिल्या कॅम्पला ब्याण्णव. दुसऱ्याला नव्वद. तिसऱ्याला अठ्ठ्याऐंशी. इथे शहाऐंशी."

"मग? चांगले आहेत की."

"फारच चांगले आहेत. माझे बघा. ब्याण्णव, पंच्याऐंशी, एकोणनव्वद, ऐंशी. स्वयंपाक्याचे तर कसेही उड्या मारतायत. तुमचा आकडा तेवढा पायऱ्या मोजत उतरतोय."

मामा काठीच्या टोकाने खडे बाजूला सारत राहिले.

"असा शहाणा आकडा दिसला की समजायचं, माणसाने मनानेच लिहिलाय. टुरिस्टांचे कागद तपासायला हे तुम्हीच मला शिकवलंत ना?" तिने खिशातून दुसरा चिमटा काढला. "बोट द्या."

मामांना पुढचं सगळं दिसत होतं. उंचीचा त्रास झाला म्हणून परत आलेल्या गाईडला कंपनी पुन्हा खालच्या नोंदणीच्या चौकीच्या वर पाठवत नसे. गोदामात बसवत. तिथे फाटके तंबू शिवायचे, स्टोव्ह पुसायचे आणि हंगामभर दुसऱ्यांच्या तोंडून डोंगर ऐकायचा. आयुष्यभर ते त्या गोदामाजवळून मान वळवून जात आले होते.

"थांब जरा," ते म्हणाले. "बोट गार आहे."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला.

चिमट्याने बराच वेळ घेतला आणि अडुसष्ट दाखवलं. मुलीनेच चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. मग तिसऱ्या. मग मामांचा दुसरा हात हातात घेऊन तो चोळला आणि त्या हाताच्या बोटाला लावला. एकोणसत्तर आले.

"बाईंना सोडायला कोणीतरी जायलाच हवं," ती खाली बघत म्हणाली. "तुम्ही जा, मामा. मी चिठ्ठी देते, की टुरिस्टला घेऊन गाईड परत पाठवलाय."

"आणि हा आकडा?"

"मी पाहिलाच नाही."

तिने बाबा म्हटलं असतं तर त्यांनी भांडण काढलं असतं. लीडरशी भांडता येत नव्हतं. त्यांना एकाच वेळी सुटल्यासारखंही वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही. पोरीने आपल्यासाठी खोटं लिहावं, अशी पाळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बाकीचे खिंडीच्या दिशेने निघाले तेव्हा बाई आणि मामा उलट्या दिशेने उतरत होते. दोघंच असले की अशक्त माणूस पुढे आणि गाईड मागे, अशी चालायची रीत. पुढच्याच्या पावलांवरून मागच्याला कळतं, कुठे थांबायचं ते. बाई पुढे होत्या आणि थांबून थांबून बोलत होत्या.

"माझ्यामुळे तुमचीही खिंड हुकली. मला फार अपराधी वाटतंय."

"असू दे."

"तुम्ही कितीदा ओलांडली असेल?"

"मोजलं नाही."

मोजलं होतं. शंभरला दोन कमी होते. पण बोलायला लागणारा श्वास त्यांना पायांसाठी हवा होता. बाई पुन्हा माफी मागत होत्या आणि मामा मूग गिळून ऐकत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

सुट्या दगडांची उतरण लागली तिथे बाईंचा पाय निसटला. त्या बसल्या, बसल्या बसल्या दोन-तीन हात घसरल्या आणि एका धोंड्याला अडकून थांबल्या. मामा बारा पावलांवर होते. अशी बारा पावलं त्यांनी पूर्वी दोन उड्यांत तोडली असती. ते चार पावलं उतरले आणि काठीवर ओणवे झाले. पुन्हा चार. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते पोहोचेपर्यंत बाई स्वतःच उठल्या होत्या, पॅंट झाडली होती आणि त्यांच्याकडेच बघत उभ्या होत्या.

"सावकाश या," बाई म्हणाल्या.

मामा धोंड्यावर टेकले. त्यांना बोलता येत नव्हतं. बाईंनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं. तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या माणसाला कोण काय लपवतंय ते फार सांगावं लागत नाही. त्यांनी हात पुढे केला.

"चिमटा द्या तुमचा."

मामांनी दिला. बाईंनी तो आधी आपल्या बोटाला लावला, मग त्यांच्या. बाईंचे स्वतःचे आता एकोणऐंशी झाले होते. मामांचे सत्तर.

"म्हणजे तुम्हीसुद्धा नापास," बाई म्हणाल्या.

मामा हसले, हसताना खोकले. "मी तर कॉपी करताना सापडलो, बाई. पोरीने पकडलं."

"ती लीडर तुमची मुलगी?"

मामांनी मान हलवली. मग श्वासाला श्वास जोडत सगळं सांगितलं. हॉस्पिटल, डॉक्टर, मनाने लिहिलेले आकडे. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी मामांची पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली. मामा नको नको म्हणत राहिले.

"पुढे व्हा," बाई म्हणाल्या. "मी मागून येते."

मामा पुढे झाले. पाठीमागून कोणीतरी आपली पावलं बघतंय, याची त्यांना सवय नव्हती. पहिला थोडा वेळ ते ताठ चालले. मग तेही सोडून दिलं आणि दम लागला तिथे थांबायला लागले. ते थांबले की मागचे बूटही थांबत.

चौकी दिसली तेव्हा दुपार कलली होती. दगडी खोली आणि पत्र्याचं छप्पर, बस. वर जाणाऱ्याची आणि वरून येणाऱ्याची नोंद इथे व्हायची. चौकीवाला मामांना तेवीस वर्षं ओळखत होता.

"या मामा," त्याने वही उघडली. "कोण गळालं या खेपेला? बाई होय? बसा बाई. परत आलेले एक, सोबत गाईड एक. मामा, करा सही."

मुलीची चिठ्ठी मामांच्या खिशात होती. ती दिली की काम झालं असतं. दहा दिवसांनी पुढचा ग्रुप निघाला असता, मामा पुन्हा शेवटचा माणूस झाले असते आणि बारा पावलांवर कोणीतरी घसरलं असतं. त्यालाही बाईंसारखा धोंडा सापडेलच असं नव्हतं. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"परत आलेले दोन लिही," मामा म्हणाले.

"आणि गाईड?"

"गाईड नाही."

चौकीवाला हसला, मग थांबला. "थट्टा करताय."

"लिही बाबा."

"मामा, ही वही ऑफिसात जाते हं."

"ठाऊक आहे. कारण लिही, धाप. उतरताना लागली, वर सगळं ठीक होतं असं लिही. लीडरचा काही दोष नाही."

चौकीवाल्याने लिहिलं. परत येणाऱ्यांसाठी आणखी रकाने होते, गाईडांना ते कधी विचारत नसत. त्याने आधी बाईंना विचारलं.

"वय?"

"त्रेसष्ट."

"काम?"

"शिक्षिका. निवृत्त."

मग त्याने वहीवरून मान न उचलता मामांना विचारलं. वय मामांनी लगेच सांगितलं.

"काम?"

"गाईड," मामा म्हणाले. चौकीवाला लिहून पुढच्या रकान्याकडे वळला, तसं त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "पुढे लिही की. निवृत्त."

त्याने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मामांनी बाईंच्या सहीखाली सही केली.

मग चौकीवाल्याने चहा ओतला. गाईड लोक इथला चहा दारात उभ्यानेच पिऊन चालू पडायचे, मामाही तेवीस वर्षं तसेच प्यायले होते. आतल्या उशीच्या खुर्च्या परत फिरलेल्या टुरिस्टांसाठी असायच्या. चौकीवाल्याने एक उशीची खुर्ची बाईंच्या शेजारी ओढून ठेवली आणि बाजूला झाला. मामा दारात थोडा वेळ उभे राहिले. मग आत आले आणि बसले.