मिस कॉरलचा आवाज

ऑर्विल टिबेटचं डोकं दोन आठवड्यांपासून तापलेलं होतं आणि रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्या चढतानाही ते निवलं नव्हतं. वीस वर्षं ह्यूस्टनमध्ये बँड चालवणारा, अख्ख्या टेक्सासात हिंडून गळे हुडकणारा माणूस. रिदम अँड ब्लूज गाणारी कितीतरी नावं यानंच उजेडात आणली. त्यातलं एक नाव तर स्वतःच्या हातानं करारावर कंपनीला लिहून दिलं, आणि तिथंच माती खाल्ली.

वर्डेल गेन्स याच चर्चमध्ये गाणारी. दोन वर्षांपूर्वी एका मयताच्या प्रार्थनेत ऑर्विलनं तिचा आवाज ऐकला आणि तिच्यामागे हात धुऊन लागला. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर. "माझं नाव कुठं येता कामा नये. ब्लूजसारखं सैतानाचं गाणं गाते म्हणून कळलं तर मला गाणाऱ्यांतून उठवतील, मागच्या बाकावर बसवतील." म्हणून यानं तिच्यासाठी नवंच नाव शोधलं, मिस कॉरल. रेकॉर्ड निघाली आणि खानावळीत, न्हाव्याकडे, जिथं जावं तिथं तीच वाजायला लागली.

मग रेकॉर्ड कंपनीचा मालक हॅस्केल यानं डॅलसहून एक नाकीडोळी नीटस पोरगी आणली आणि दौऱ्यावर मिस कॉरल म्हणून तिलाच उभं करायचं ठरवलं. ऑर्विल भांडायला गेला, तर हॅस्केल खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"नाव कंपनीचं आहे, ऑर्विल. करारावर अक्षर तुझंच ना? तिच्यामागे बँडही तूच वाजवशील. तोंड उघडलंस तर या स्टुडिओत परत पाय ठेवायचा नाही."

वर्डेलला हे कळलं, तशी ती चर्चमध्ये उभी राहिली आणि सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली, की ती मीच. शिक्षा भोगायची तयारी करूनच गेली होती बिचारी. तर बायका फिदीफिदी हसल्या. भिंतीभिंतीवर मिस कॉरलचा फोटो लागलाय आणि ही म्हणते ती मी. पाद्रीबाबांनी तिला खोटं बोलल्याबद्दल पुढच्या रविवारी माफी मागायला सांगितलं.

"तुम्ही येऊन सांगा," ती ऑर्विलला म्हणाली होती. "मला पापी म्हणू देत, पण खोटारडी नाही."

म्हणून तो आला होता. गेला हॅस्केल खड्ड्यात.

पाद्रीबाबांनी वर्डेलचं नाव घेतलं आणि ती उठायच्या आत ऑर्विलच उभा राहिला. "मी बँडवाला टिबेट. मिस कॉरल म्हणजे ही वर्डेल. नाव मी ठेवलं, गायली ही. फोटोतल्या पोरीनं रेकॉर्डच्या वेळी ह्यूस्टन पाहिलंही नव्हतं. जा, हॅस्केलला सांगायचं तर सांगा."

कोणी दचकलं नाही. हातातले पुठ्ठ्याचे पंखे तसेच हलत राहिले. पुढच्या बाकावरच्या मदर लॉटी, चर्चमधल्या सगळ्यांत वयस्क बाई, सावकाश वळल्या.

"बस खाली, बाळा. आम्हाला काय कान नाहीत? एवढीशी होती तेव्हापासून ऐकतोय तिला. ती रेकॉर्ड माझ्या घरीही आहे."

"मग खोटारडी का म्हणालात तिला?"

"खरी म्हटलं तर उठवावी लागेल ना. मग ईस्टरला गाणार कोण? तू?"

दोघीतिघी खुसखुसल्या. पाद्रीबाबा पुस्तकात पाहू लागले. ऑर्विल बाकांमधून पुढं आला.

"म्हणजे आवाज हवा आणि बाई नको. हॅस्केल तरी दुसरं काय करतो? जनाची नाही तर मनाची तरी..."

"तुम्ही तरी काय केलंत, मिस्टर ऑर्विल?" वर्डेल म्हणाली. ती गाणाऱ्यांमध्ये उभी होती आणि तिचा आवाज जराही चढला नव्हता. "माझं नाव नको, एवढंच मी म्हटलं होतं. दुसरी बाई उभी करा असं नाही. त्या मिस कॉरलला तुम्ही जन्माला घातलंत, आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत."

तिनं गाणाऱ्यांचा पांढरा झगा डोक्यावरून काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि ती खाली उतरली.

"वर्डेल, जागेवर जा," मदर लॉटी म्हणाल्या. "पहिलं गीत तुझं आहे."

"मिस कॉरलला बोलवा," ती म्हणाली आणि दाराबाहेर पडली.

ऑर्विलला अजून पुष्कळ बोलायचं होतं, शिव्या तर अगदी जिभेवर आल्या होत्या. पण आता त्या कोणाला द्यायच्या, तेच त्याला कळेना.