नंबराला ठेवलेली पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर कुणाला नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मध्येच मला थांबवू नका. औंढा तालुक्यात, जवळा बाजारच्या अलीकडच्या एका बारक्या गावात, बौद्धवाड्यातल्या एका घराच्या दारामागे मी खिळ्याला टांगलेली असते. तिथून चूलही दिसते आणि दारही दिसते. त्यामुळे घरातले माझ्यापासून काही लपून राहत नाही.

माझा जन्म खताच्या पोत्यापासून झाला. सोनाजी म्हणून गावात एक बागायतदार आहेत. त्यांच्या हळदीला खत टाकून रिकामे झालेले पोते मालनबाईने मागून आणले, ओढ्यावर आपटून आपटून धुतले आणि बाजाराच्या दिवशी नरसिंग शिंप्याच्या पुढ्यात टाकले. "मजबूत शिव भाऊ, एक दाना बी सांडला न्हाई पायजे," एवढेच ती म्हणाली. नरसिंगने दुहेरी शिलाई मारली. बंद कशाचे लावायचे, असे त्याने विचारले, तेव्हा मालनबाईने कमरेच्या पिशवीतून निळे काठ काढून दिले. जयंतीला नेसायची तिची साडी विरली होती, तिचे ते काठ. म्हणून माझे अंग खताचे असले तरी बंद जयंतीचे आहेत. गावात एवढ्या थाटाची पिशवी दुसरी नव्हती.

घरात दोघीच. मालनबाई आणि तिची नात करुणा. करुणाची आई ती रांगत असतानाच वारली. बाप प्रमोद पुण्याकडे कामाला गेला, तो वर्षाकाठी येऊन तोंड दाखवतो आणि जातो. रेशन कार्डावरही या दोघींचीच नावे होती. मालनबाई मजुरीला जायची, पण महिन्याचे निम्मे खाणे माझ्या पोटातून घरात यायचे. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे यावरच आहे.

आता माझे काम सांगते. तुम्हाला वाटेल, पिशवीचे काम धान्य वाहणे. ते तर कोणतीही पिशवी करते. माझे खरे काम नंबराला बसणे. आमच्या गावात रेशन येणार अशी बातमी लागली की बायका पहाटेच दुकानापुढे आपापली पिशवी मांडतात आणि कामाला जातात. दुकान उघडेपर्यंत रांगेत माणूस एक नाही, नुसत्या पिशव्या. वाऱ्याने उडू नये म्हणून आत एकेक दगड. पण पिशवी ओलांडून पुढे जायची कुणाची छाती होत नाही. रांग सरकली की मागचा माणूस पुढच्या पिशवीला पायाने हळूच पुढे ढकलतो. मालक आला नसेल तर हाका मारतात. आमच्या गावात भांडणे पुष्कळ आहेत, बांधावरून डोकी फुटली आहेत, पण पिशवीचा नंबर कुणी कधी खाल्ला नाही.

त्या रांगेत मी मालनबाई असायचे. "मालनबाईच्या मागं मी हाय बरं का," असे लोक माझ्याकडे बघून म्हणायचे. तेव्हा माझी मान ताठ व्हायची. पिशवीला मान नसते, हे मला माहीत आहे. तरी व्हायची.

मालनबाईच्या हाताबद्दल सांगायला हवे. हळदीचे काम करणाऱ्या बाईचा हात तुम्ही पाहिला आहे का? माती भरलेले कंद मोडायचे, मुळ्या खुडायच्या, शिजलेली गरम हळद उन्हात पसरायची. हात पिवळाधमक होतो आणि फाटतो. पूर्वी रेशनच्या रजिस्टरावर शाईचा अंगठा लागायचा. एकदा मालनबाई वावरातून तशीच आली, तर पानावर शाईऐवजी हळदच जास्त उमटली. तेव्हा तपासणीला आलेला एक साहेब सगळ्यांदेखत खेकसला, "सरकारी कागद आहे हा. हात धुऊन येत जा." मालनबाईने मान खाली घातली. त्या दिवसापासून अंगठा द्यायचा म्हटले की ती आधी हात घासायची. साबणाने हळद निघत नाही, म्हणून विटकरीच्या तुकड्याने घासायची. घरामागे धुण्याच्या दगडावर तो तुकडा ठेवलेलाच असायचा.

मग शाई गेली आणि यंत्र आले. त्यालाही तिचा अंगठा कधी एकदा, कधी चारदा दाबून पटायचा. पण पटायचा.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला दुकानदार हरीशने फळ्यावर खडूने लिहिले आणि लिहिलेले वाचता न येणाऱ्यांना ओरडून सांगितले, "कार्डावरल्या परतेक माणसाची केवायसी करायची हाय. ज्याचा अंगठा लागंल त्याचं राशन चालू राहील. महिनाअखेर शेवटची तारीख. नंतर मला बोलू नका."

मालनबाईने पहाटे मला नंबराला ठेवले. दुपारी करुणा शाळेतून परस्पर आली. तिचा अंगठा यंत्राने एका झटक्यात घेतला. मालनबाई वावरातून धापा टाकत आली. मध्ये घरी थांबून तिने हात लख्ख घासले होते. तिने अंगठा ठेवला. यंत्रावर लाल दिवा लागला. हरीशने दुसरे बोट मागितले, मग तिसरे, मग डावा हात.

"मावशी, रेषाच घेऊन न्हाई राहिलं हे."

"आसं कसं? मी तर चांगलं घासून आले बापू. जराक बी हळद न्हाई."

"उद्या या पुन्यांदा."

दुसऱ्या खेपेला तिने जास्त घासले. तिला वाटले, यंत्र त्या साहेबाच्याच जातीचे, त्याला हळदीचा विटाळ होतो. तिसऱ्या खेपेला तर कातडी लाल होऊन पाणी सुटले. मित्रांनो, मी त्या दगडाशेजारीच पडलेली होते. रेषा हळदीखाली लपलेल्या नव्हत्या, त्या विटकरीखाली झिजत होत्या. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण पिशवीचे कोण ऐकतो? वारा आला तर लोकांना वाटते, नुसतीच फडफडते आहे.

हरीश वाईट माणूस नाही. त्याने आपला मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. चेहरा जुळला तरी चालते म्हणाला. पण आधारवरचा फोटो तिचा नवरा जिवंत असतानाचा, गाल भरलेला. मोबाइल काही केल्या म्हणेना की ही तीच बाई आहे. तालुक्याला डोळ्यांचे यंत्र असते असे कुणी सांगितले, म्हणून एका दिवसाची मजुरी बुडवून ती गेली. मीही काखेत होते. तिथे म्हणाले, डोळ्यात पडदा आहे, उमटत नाही, आधी ऑपरेशन करून या. येताना ती एसटीत सारखी स्वतःचा अंगठा निरखत होती. एवढा स्वच्छ अंगठा, आणि तरी का नको, हे तिला कळत नव्हते.

तारीख उलटली. पुढच्या महिन्यात रांग सरकत सरकत माझा नंबर आला आणि हरीशने माझ्यात एकटीचे धान्य टाकले.

"एकाचंच काहून?"

"करुणाचं आलं मावशी. तुमचं बंद दाखवून राहिलं."

घरी येताना मी निम्मी रिकामी होते आणि तिच्या पायात लोंबकळत होते. भरलेली पिशवी जड असते, पण चालणाऱ्याला ती कधी जाच करत नाही. त्या दिवशी मी तिला जाच केला.

नंतरचे दिवस मला सांगवत नाहीत, पण सांगितले पाहिजेत. मालनबाई भाकरी करायची ती करुणापुरती. "मी सोनाजीच्या वावरात खाल्लं," म्हणायची. वावरात कोण जेवू घालते? मला माहीत होते आणि करुणालाही कळले होते, कारण लेकरू लहान असले तरी भुकेच्या बाबतीत अडाणी नसते. मग तिने एक युक्ती काढली. आपल्यातली अर्धी भाकरी ती फडक्यात बांधून गुपचूप माझ्या तळाशी ठेवायची, म्हणजे आजी कामावर गेली की तिला सापडेल. आजीला ती सापडायची. ती फडके उघडायची, भाकरीचा वास घ्यायची, पुन्हा बांधायची आणि संध्याकाळी तशीच घरी आणायची. "सोनाजीच्या घरून मिळाली, खा," म्हणायची. एकच भाकरी मी नेली आणि आणली. वाटेत ती वाळायची. मी एवढी ओझी वाहिली, पण तेवढे जड काही वाहिले नाही.

शेजारच्या जनकाबाईला हे कळले ते विटकरीमुळे. मालनबाई पुन्हा अंगठा घासत बसली होती. जनकाबाईने हात धरून वर ओढला.

"अगं माय, घासून घासून तूच मिटवल्या की रेषा! त्या मशिनीला रेषा पायजेत, सफाई न्हाई!"

मालनबाईने विटकरीचा तुकडा दगडावर ठेवला. मग म्हणाली, "मंग त्या सायबानं काहून म्हनलं, हात धुऊन ये?"

जनकाबाईने तो तुकडा उचलून लांब भिरकावला. तिने तेल दिले आणि सांगितले, "हाताला आराम दे. हळदीला जाऊच नको काही दिवस. कातडी भरून येती."

आता बघा कशी कोंडी झाली. हात कामाला लावावा तर रेषा जातात, आणि हात घरी बसवावा तर चूल बसते. आधीच निम्मे धान्य, त्यात मजुरी बंद. तरी मालनबाई बसली. हाताला तेलाची चिंधी गुंडाळून, तान्हे लेकरू मांडीवर घ्यावे तसा तो मांडीवर घेऊन बसली. करुणा रोज चिंधी सोडून बघायची. एके दिवशी ती ओरडलीच, "आजी, आली! रेष आली!"

दोघी मला घेऊन दुकानात गेल्या. त्या दिवशी रांगही नव्हती. मालनबाईने श्वास रोखून अंगठा ठेवला आणि हिरवा दिवा लागला. तिचा चेहरा असा फुलला की हरीशला पुढचे बोलणे जड गेले.

"मावशी, अंगठा लागला बराबर. पन नाव मागंच कमी झालं. आता नव्यानं जोडावं लागंल. मी अर्ज टाकतो वर. लागंल थोडा टाइम."

"किती?"

"आता कसं सांगू? वरून येतंय ते."

त्याने अर्ज टाकला. मालनबाई पुन्हा कामाला जाऊ लागली, पण अंग पूर्वीसारखे राहिले नव्हते. बसल्या जागी तिला घेरी यायची. आखाडात ताप आला. अंगात लढायला काही नव्हतेच. जनकाबाईने पेज करून आणली, तर दोन घोट घेऊन तिने वाटी करुणाकडे सरकवली. जीव जाताना उजवा हात छातीशी धरलेला होता. दवाखान्याच्या कागदावर ताप असे लिहिले. मी काही लिहू शकत नाही, नाहीतर तो कागद मी दुरुस्त केला असता.

मालनबाईसाठी वंदना घेऊन पुण्यानुमोदन झाले. प्रमोद आला, रडला, आणि दिवाळीनंतर करुणाला घेऊन जातो म्हणाला. तोवर ती जनकाबाईकडे जेवते आणि शाळेत जाते.

पुढच्या महिन्यात करुणाने मला खिळ्यावरून काढले, दगड घातला आणि पहाटे नंबराला ठेवले. ती शाळेत गेली. रांग सरकली तशी मागची आशाबाई मला पायाने पुढे सारत होती. कुणी नव्या बाईने विचारले, "ही कुनाची?" आशाबाई सवयीने बोलून गेली, "मालनबाईची." मग तिने मला सारणारा पाय मागे घेतला. पण माझा नंबर कुणी खाल्ला नाही.

करुणा आली. तिने अंगठा ठेवला. हरीशने यंत्राकडे बघितले, डोळे चोळले, पुन्हा बघितले.

"करुणा," तो हळू आवाजात म्हणाला, "आजीचं नाव आलं गं."

हरीशने काटा लावला. करुणाचे धान्य टाकले. मग थांबला, आणि मालनबाईचेही टाकले. "तिचंच हाय हे. मागचं बी कितीक राहिलं तिचं. घेऊन जाय," म्हणाला.

कित्येक महिन्यांनी मी गळ्यापर्यंत भरले. नरसिंगची दुहेरी शिलाई ताणली गेली, पण एक दाणा सांडला नाही. एक बंद करुणाच्या हातात आणि दुसरा जनकाबाईच्या हातात, अशी मी घरी आले. करुणाने मला चुलीपुढे ठेवले आणि माझ्या अंगाला मिठी मारून ती रडली. भरल्या पिशवीला आनंद व्हावा, एवढ्याचसाठी तिचा जन्म असतो. मला झाला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे एक मागणे मागतात: आम्हाला फेकू नका, शिवून वापरा. माझे ते मागणे नाही. फाटले तर फाटले. माझे मागणे एवढेच की कधी कुठे रांगेत नुसती पिशवी दिसली, तर तिला पायाने पुढे सारून थांबू नका. ही कुणाची आहे, ते माणूस आज कुठे आहे, जेवले का, एवढे विचारा. आमच्या गावाने माझा नंबर जिवापाड सांभाळला. मालनबाई जेवली का, हे मात्र रांगेत कुणी विचारले नाही.