अकरा मिनिटं

“एकच वाक्य लिहायचंय, बाई. ‘यंत्रात बिघाड झाला.’ खाली सही. झालं.” अधीक्षकांनी कागद पुढे सरकवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

“यंत्र बिघडलं नव्हतं, सर.”

“हे तुम्ही कशावरून सांगता?”

“मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?”

उत्तर उद्धट होतं, पण खोटं नव्हतं. रुग्णालयातल्या बावीस व्हेंटिलेटरांपैकी एकेकाची खोड बाईंना पोटच्या पोरासारखी ठाऊक होती. सोळा वर्षांपूर्वी श्वसनोपचार विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन सिलिंडर आणि त्या स्वतः, एवढाच पसारा होता. आता कागदावर अकरा माणसं होती आणि प्रत्यक्षात सात. त्या सातजणांना बाईंनी हाताला धरून शिकवलं होतं. बाई झोपेतसुद्धा नवऱ्याचे श्वास मोजतात, अशी विभागात थट्टा चाले. बाईही हसत. कारण त्या खरोखरच मोजत.

गेलेला माणूस शिंपी होता. सेहेचाळीस वर्षांचा. नसांच्या आजाराने त्याच्या अंगातली ताकद पायांपासून वर वर सरकत संपत गेली होती आणि शेवटी छातीही हलेना. दोन महिने तो गळ्यातल्या नळीतून यंत्राच्या जोरावर श्वास घेत होता. मग हळूहळू बोटं हलू लागली. बोलता येत नसे म्हणून पाटीवर लिही. एकदा बाईंच्या पांढऱ्या कोटाकडे बघून त्याने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘खांदा चुकलाय. बरा झालो की नीट करून देतो.’ सोमवारी तो पाच तास यंत्राशिवाय राहिला. “उद्या दिवसभर काढू या,” असं बाईंनीच त्याला सांगितलं होतं.

मंगळवारी रुग्णालयाची तपासणी करायला पाहुणे आले. दहा वाजता सभागृहात सगळ्या विभागांनी हजर राहायचं होतं. खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत, असं वरून बजावलं होतं. बाईंकडे त्या पाळीला दोनच माणसं होती. एकजण तळमजल्यावर अडकलेला. तिसऱ्या मजल्यावर होती चिमणी. नाव तिचं दुसरंच, पण अंगाने एवढीशी आणि तोंड सतत चालू, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत.

“बाई, शिंप्याच्या नळीत आज कफ फार येतोय, म्हणून यंत्र काढलं नाही. मी थांबू का?”

“अर्ध्या तासाचं तर काम आहे. चल.”

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी कफाची गुठळी नळीत अडकली. नळी साफ करायला वीस सेकंद पुरतात. त्या वेळी मजल्यावरच्या दोन्ही परिचारिका पलीकडच्या खोलीत एका म्हातारीचं थांबलेलं हृदय चालू करण्यासाठी जिवाचं रान करत होत्या. म्हातारी वाचली. शिंप्याचं यंत्र अकरा मिनिटं ओरडत राहिलं. सभागृहात तेव्हा टाळ्या चालू होत्या.

“मी लिहून देते,” बाई अधीक्षकांना म्हणाल्या, “की चिमणीला मी बोलावलं. माझ्यावर काय व्हायची ती कारवाई होऊ दे.”

अधीक्षक वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बाई, चौकशी तुमच्यापाशी थांबेल असं वाटतं तुम्हाला? मजला सोडताना पेशंट कोणाच्या तरी ताब्यात द्यायचा, हा नियम तुम्हीच शिकवलात ना? तिने दिला का? पहिला परवाना तिचा जाईल. ती तिशीत आहे. यंत्राला ना घर, ना दार. त्याच्यावर ढकला आणि मोकळ्या व्हा. आणि हो, शिंप्याच्या घरच्यांना भेटायला जायचं नाही.”

बाईंनी पेन उचललं. सोळा वर्षांत त्यांनी हजारो कागदांवर सही केली होती, पण त्या दिवशी आपल्या नावातली अक्षरं त्यांना एकेक करून आठवावी लागली.

यंत्र तपासणीला गेलं आणि चौथ्या दिवशी परत आलं. सोबत चिठ्ठी होती, ‘दोष आढळला नाही.’ संध्याकाळी ते दुसऱ्या पेशंटला लावलं गेलं. चिठ्ठी कोणी मागितली नाही.

चिमणी तरीही गेलीच. राजीनामा द्यायला आली तेव्हा ती अगदी हळू बोलली. “बाई, घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी धावत सुटते. मला नाही जमायचं आता.”

“तुझी चूक नव्हती गं.”

“मग कोणाची होती?”

बाईंना उत्तर ठाऊक होतं. चिमणीलाही ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांच्या आदराने तिचं तोंड बांधलेलं होतं. तिने वाकून नमस्कार केला आणि गेली. त्या नमस्काराने बाई पुरत्या खचल्या. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, शिंप्याच्या घरी जायचं ठरवलंय हेही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तू जाऊन सांगितलंस म्हणून तो परत येणार आहे का?”

“नाही.”

“मग त्यांची जखम कशाला उकरायची?”

“त्यांना जखम कुठली ते तरी कळू दे,” बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्या गेल्या. तिसरा मजला, अरुंद जिना, एका मजल्यावर चार दारं. शिंप्याच्या बायकोने दार उघडलं आणि ओळखून म्हणाली, “या ना. तुमचं नाव सारखं लिहायचे ते.” खोलीत खिडकीपाशी शिलाईचं मशीन होतं, त्यावर चादर टाकलेली. पाण्याचा पेला समोर आला. पाणी प्यायल्यावर धीर सुटेल या भीतीने बाईंनी आधी सगळं सांगून टाकलं. तपासणी, सभागृह, चिमणीला बोलावणं, सही. कुठेही ‘पण’ न घालता.

बायको भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, “अकरा मिनिटं? त्यांना कळलं असेल का?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. जगात कोणीही त्यांना पकडलं नसतं.

“पहिली दोन-तीन मिनिटं कळलं असेल. नंतर नाही.”

ती खाली बसली. रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग म्हणाली, “सासूबाई रोज त्या यंत्राला शिव्या घालतात. मला वाटायचं, बरं आहे, लोखंडाला काय लागतंय?” तिने पदर सोडून दिला. “मी नाही त्यांना हे सांगणार. माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही सांगा. आता देवळात गेल्यात. उद्या या.”

बाई म्हणाल्या, “येते.”

सोमवारी त्यांनी रजा टाकली. म्हातारी दारातच स्टुलावर बसली होती, उन्हाला. पायांच्या काड्या, डोळ्यांवर जाड भिंगं. सून मागे उभी राहिली. बाई म्हातारीसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “आई, यंत्र बिघडलं नव्हतं. तिथलं माणूस मी काढून नेलं होतं.”

म्हातारीने कानामागे हात धरला. “काय म्हणतेस? मला ऐकू कमी येतं गं. मोठ्याने बोल.”

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून जमिनीकडे बघत होती. बाईंनी श्वास घेतला आणि तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. जिन्यावरून आवाज घुमत खाली गेला. समोरचं दार उघडलं. बाजूच्या दारातून एक शेजारीण ओले हात पुसत बाहेर आली. खालच्या मजल्यावरचे दोघे चढता चढता थांबले.

म्हातारी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. तिने मान हलवली.

“नाही कळलं. अजून एकदा सांग.”

बाई उठून तिच्या कानाशी वाकल्या नाहीत. होत्या तिथेच बसून, सगळ्यांसमोर, एकेक शब्द सुटा करत त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला सुरुवात केली.