साध्या पाण्यात शाई

सासरेबुवांच्या शाईच्या कारखान्यात आपल्याला केमिस्टची खुर्ची मिळाली ती पदवीमुळे, असं जावईबापूंचं मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं. पण ती ते भांडणासाठी राखून ठेवायची.

काम सुखाचं. पिंपातली थोडी शाई पातळ करून काचेच्या चौकोनी कुपीत भरायची आणि कुपी मशीनमध्ये ठेवायची. मशीन तिच्यातून उजेड सोडणार, शाईनं त्यातला किती गिळला ते आकड्यात सांगणार. आकडा मोठा म्हणजे शाई दाट. मग जावईबापू हुकूम सोडत, "पाणी घाला!" मात्र त्याआधी मशीनला शून्य म्हणजे काय ते दाखवावं लागे. त्यासाठी साध्या पाण्यानं भरलेली दुसरी कुपी.

कुप्या दोनच. एक नवीकोरी, दुसरी ओरखडलेली आणि शाई पिऊन पिऊन निळसर पडलेली. नवी वस्तू मिरवायला, जुनी राबवायला, हा सासरेबुवांचा कायदा. त्यांच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. तेव्हा नवी कुपी पाण्याला आणि जुनी शाईला, ही वाटणी त्यांनीच करून दिली. जावईबापूंनी मान डोलावली. सासरी मान हा अवयव त्यासाठीच असतो.

पुढे घोळ असा झाला की मशीन म्हणे शाई दाट, आणि गिऱ्हाइकं म्हणत फिकी. दोन्हींचं खापर फुटलं शाई कालवणाऱ्या थोरल्या मेहुण्याच्या, म्हणजे दादाच्या डोक्यावर. मशीनचा आकडा आला की तो रंगाची भुकटी उधळतो म्हणून बोलणी, गिऱ्हाइकाचा फोन आला की तो ती चोरतो म्हणून. एकाच माणसाला उधळ्या आणि चोर ठरवायला अक्कल लागते. सासरेबुवांकडे ती मुबलक होती. अखेर ठरलं, दादानं पिंप सोडून बाटल्यांना लेबलं चिकटवायची आणि कारखान्याच्या किल्ल्या जावईबापूंनी घ्यायच्या.

"अहो, तुमच्या मशीनचं माझ्या दादाशी वैर आहे का?" बायकोनं विचारलं.

"मशीनला नातीगोती नसतात."

"तुम्हाला आहेत ना?"

हे झोंबलं. दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी सगळ्यांना मशीनसमोर उभं केलं. "हे खोटं बोलत नाही. साधं पाणी मोजतो, बघा, शून्यच येईल."

नव्या कुपीनं शून्य लावलं. मोजायची कुपी म्हणजे जुनी. हात सवयीनं तिच्याकडेच गेला. तेच पाणी तिच्यात भरलं, झाकण लावलं. आणि मशीननं साध्या पाण्यात शाई शोधून काढली.

"वा, भावजी!" दादा म्हणाला. "मी तर हात खिशात घालून उभा आहे. यात भुकटी कुणी टाकली?"

"बोटांचे ठसे असतील." कुपी रुमालानं पुसली. आकडा जरासा उतरला.

"बुडबुडा असेल." टिचकी मारली. आणखी जरासा उतरला.

"दिवा तापायला वेळ लागतो." सगळे थांबले. दिव्याआधी सासरेबुवाच तापले. पुन्हा शून्य लावून मोजलं, पण उरलेला आकडा मुक्काम हलवायला तयार नव्हता.

"मग पाणीच घाण!" सासरेबुवांनी जावयाला हात दिला. "पाणी कोण भरतं? हाच ना?" त्यांनी दादाकडे बोट केलं आणि जावयाला द्यायच्या किल्ल्या आपल्या खिशात खुळखुळवल्या.

जावईबापूंना एकदम लख्ख दिसलं. कुपीचा डाग इतके दिवस शाईच्या नावावर मांडला जात होता, आणि शाईचा डाग दादाच्या. किल्ल्याही तितक्याच लख्ख दिसत होत्या. नुसती मान हलवायची होती, आणि मानेला सराव होता. बायको दारात उभी होती. तिची नजर त्याच मानेवर होती.

त्यांनी जुन्या कुपीतलं पाणी नव्या कुपीत ओतलं आणि मोजलं. शून्य.

"पाणी स्वच्छ आहे. कुपी डागाळलेली आहे," ते म्हणाले. "शाई दाट कधी नव्हतीच. पाणी घालून घालून ती मीच फिकी केली. दादाचा काही दोष नाही."

सासरेबुवांनी नवी कुपी उचलून तिच्यातलं पाणी ओतून टाकलं. "म्हणजे शाई या नव्या कुपीत भरायची? मी जिवंत असेपर्यंत नाही!" त्यांनी ती रुमालात गुंडाळून कपाटात बंद केली. "आजपासून पाणी काय नि शाई काय, दोन्ही जुनीतच!"

जावईबापू वाद घालणार, तोच हिशेब लक्षात आला. एकच कुपी दोन्हीला, म्हणजे डाग दोन्हीकडे सारखा, म्हणजे आपोआप वजा! बरोबर पद्धत हीच होती. पदवीला जे सुचलं नाही, ते कंजूषपणानं करून दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली, आणि या वेळी अगदी मनापासून.

किल्ल्या दादाकडे गेल्या. परत आलेल्या फिक्या बाटल्यांची लेबलं भिजवून खरवडायला मात्र माणूस हवा होता.

"भावजी," दादानं बादली पुढे सरकवली, "पाणी घाला!"